चाकोरीबाहेर : बर्फावर पाय टेकण्याआधी

थंडी पडली की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. एरवी "कोणती सायकल घेऊ?" असं विचारणारे आता "माझं काय चुकलं?" असं विचारू लागतात. या खेपेची निम्मी पत्रं पडण्याबद्दल आहेत आणि निम्मी गारठण्याबद्दल. दोन्ही विषयांतला माझा अनुभव दांडगा आहे. २२ हिवाळे झाले, आम्ही पाचजण दर रविवारी गोठलेल्या पायवाटांवर माउंटन बाइक घेऊन जातो. आता थंडीची वर्दी मला खिडकीबाहेरच्या तापमापकाआधी डाव्या मनगटातून मिळते. ते मनगट कसं मोडलं, ते पहिल्याच पत्राच्या निमित्ताने सांगते.

प्र. खिळ्यांचे टायर हौसेने बसवले. पहिल्याच फेरीत काचेसारख्या सपाट बर्फावर थांबायला म्हणून डावा पाय टेकवला आणि सायकलसकट आडवा झालो. मित्र अजून हसतायत. टायर फसवे निघाले का?
– आडवा झालेला

उ. टायर बिचारे इमानदार निघाले. घसरला तो तुमचा बूट. तुम्हीच लिहिलेला क्रम पुन्हा वाचा: आधी पाय टेकवलात, मग पडलात. खिळ्यांच्या टायरवर बसलेल्या माणसाला खालचा बर्फ किती निसरडा आहे हे कळतच नाही. टंगस्टन कार्बाइडचे दोनशे-चारशे दाणे खाली कुरुकुरु चावत असतात, सायकल सरळ रस्त्यावर असल्यासारखी चालते, मग आपण सवयीने थांबतो आणि सवयीने पाय टाकतो. त्या पायाखाली मात्र एकही खिळा नसतो.

माझा तो तिसरा हिवाळा. पुढच्या मैत्रिणीची चेन उतरली, ती थांबली, तिच्यामागे मीही थांबले. बर्फाचा तो पट्टा जेमतेम दोन सायकलींच्या लांबीचा होता, पण इतका नितळ की आत अडकलेली पिवळी पानं शिरांसकट दिसत होती. त्या शिरा मी फार जवळून पाहिल्या, कारण पुढच्या क्षणी माझा गाल त्यांच्यावर होता. टाच सरकली, सायकल अंगावर आली आणि हात आपोआप पुढे गेला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. टाच सुटेपर्यंत टायर सूतभरही हलले नव्हते. मैत्रिणीने चेन हातात धरून विचारलं, "अगं, तू तर उभीच होतीस ना?" हो, उभी होते म्हणूनच पडले.

तेव्हापासून आमच्यात एक नियम आहे: बर्फावर थांबायचं नाही, थांबायचं ते बर्फ ओलांडून. खडबडीत, कवच धरलेल्या हिमाचा तुकडा, गवताचा पुंजका, झाडाचं मूळ, काहीही चालेल, पण ती जागा आधी डोळ्यांनी हेरून ठेवायची. मध्येच थांबणं भागच पडलं तर दोन्ही ब्रेक दाबून धरा, पाऊल टाचेवर किंवा चवड्यावर न टाकता सबंध तळवा सपाट ठेवा, आणि भार हँडलवर राहू द्या. सायकल ही अशा वेळी तुमची काठी आहे. ती सोडून उडी मारायची नाही. बुटांना ओढून बसवायचे काटे मिळतात, ते खिशात असू द्या. पंक्चर काढायला उतरल्यावर त्यांची किंमत कळते.

टायरबद्दल दोन गोष्टी. नवे खिळे नीट बसायला पहिले ४० ते ५० किलोमीटर साध्या, कोरड्या रस्त्यावर सावकाश चालवावे लागतात. जोरात ब्रेक नाही, जोरात पेडल नाही. हे न केल्यास खिळे उपटून जातात आणि टायरला नुसती भोकं उरतात. आणि दोन टायरांचा खर्च झेपत नसेल तर एक घ्या आणि पुढे लावा. मागचं चाक सरकलं तर माणूस कंबर हलवून सावरतो, पुढचं सरकलं तर कळायच्या आत खाली असतो. ताज्या, भुसभुशीत हिमात मात्र या खिळ्यांचा काही उपयोग नाही. तिथे चावायलाच काही नसतं.

प्र. आमच्यात पैज लागली आहे. मी म्हणतो, थंडी जितकी कडक तितका बर्फ निसरडा. मित्र म्हणतो, उलट. कोण जिंकलं?
– पैजेवाला

उ. मित्र. पैसे देऊन टाका.

शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ सगळ्यात वाईट. पारा उणे १५-२० पर्यंत उतरला की हिम टायरखाली कुरकुरायला लागतं आणि साधा टायरही बऱ्यापैकी धरून राहतो. शाळेत सांगतात की दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून आपण घसरतो. पण बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायचा तर जवळजवळ १३५ वातावरणांइतका, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १३५ पट, दाब लागतो. सायकलचा टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब देतो, म्हणजे आपल्या टायरांच्या बाबतीत दीड-दोन वातावरणं. त्याने काय वितळणार! मायकेल फॅरडेने १८५० मध्येच मांडलं होतं की गोठणबिंदूच्या खालीही बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखी एक पातळ कातडी असते. थंडी वाढते तशी ती कातडी पातळ होत जाते. शून्याजवळ ती असतेच, वर उन्हाने सुटलेलं पाणीही असतं.

म्हणून तापमापक पाहताना आजचा आकडा एकटा पाहू नका, कालची दुपार पण पाहा. काल दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेली वाट ही माझ्या मते हिवाळ्यातली सगळ्यात कपटी वाट. लोकांच्या पावलांचे ठसे आणि चाकांच्या चाकोऱ्या त्यात दगडासारख्या टणक झालेल्या असतात. चाक एकदा चाकोरीत शिरलं की तुम्ही आता प्रवासी, चालक ती चाकोरी. तिच्यातून हँडल वळवून बाहेर पडायला गेलात की पुढचं चाक तिच्या कडेला घासतं आणि सायकल आडवी. एक तर ती संपेपर्यंत निमूट सरळ जा, किंवा वेग कमी करून पुढचं चाक उचलून बाहेर टाका. सदराचं नाव ठेवताना हे माझ्या डोक्यात नव्हतं, पण शोभतंय खरं.

प्र. घरात टायरमध्ये नेमकी २५ पीएसआय (दाबाचं माप) हवा भरली. वाटेवर पोचेपर्यंत दोन्ही टायर मऊ. सीलंट (टायरमधली भोकं बुजवणारा द्रव) ताजं आहे, गळती नाही. मग हवा जाते कुठे?
– पंपाशी भांडणारी

उ. कुठेही जात नाही, आतच आखडून बसते. घरात २० अंश होतं आणि बाहेर उणे १० असेल तर आतली हवा ३० अंशांनी थंड झाली. हवेचं निरपेक्ष तापमान, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेलं, साधारण एक दशांशाने उतरलं, म्हणजे दाबही तेवढाच उतरणार. पण गेज, म्हणजे दाबमापक, दाखवतो तो बाहेरच्या वातावरणाच्या वरचा दाब. त्यात वातावरणाचे जवळपास १५ मिळवले की तुमचे २५ खरे ४० होतात. चाळीसचा दहावा भाग चार. तुमच्या टायरमध्ये आता २१ आहे.

उपाय सोपा आहे: सायकल अर्धा तास बाहेर उभी करा, मग हवा मोजा. आणि २१ वाईटच असं समजू नका. बर्फावर जरा मऊ टायर जास्त पसरतो, जास्त खिळे टेकवतो. फक्त गोठलेल्या मुळावर रिम आपटण्याइतका मऊ नको. हाच हिशेब पुढच्या शॉकअपला लागू आहे. त्यातल्या हवेचा दाब उतरतो, तेल जाड होतं, सील कडक होतात, आणि एरवी लोण्यासारखा चालणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) लाकडी ओंडका होतो. मी तर हिवाळी सायकलला बिनशॉकचा साधा फोर्कच लावला आहे. बर्फाने भरलेली वाट तशीही खडबड बुजवते.

प्र. आम्ही सहाजण जातो. एकजण कायम मागे असतो, चढ संपला की आम्ही माथ्यावर त्याची वाट बघतो आणि तो आला की निघतो. मागच्या रविवारी मात्र तो ठणठणीत होता आणि सगळ्यात पुढे असणारी आमची मैत्रीण इतकी कुडकुडत होती की उतारावर तिला ब्रेक दाबता येईनात. असं उलटं कसं झालं?
– माथ्यावर थांबलेले

उ. उलटं नाही, अगदी ठरल्यासारखं झालं. जी पुढे असते ती जोरात चढते, घामाने भिजते, आणि मग माथ्यावर, जिथे वारा सगळ्यात जास्त, तिथे दहा-बारा मिनिटं उभी राहते. मागचा आपल्या चालीने सुका आणि गरम येतो. शिवाय तो आला की तुम्ही निघता, म्हणजे त्याला विसावा नाही आणि तिला ऊब नाही. दोघांचंही वाटोळं एकाच नियमाने.

वाऱ्याचा हिशेब एकदा करून ठेवा. अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून जो निर्देशांक वापरतात, त्यानुसार उणे १० अंशांत ताशी २० किलोमीटर वारा असला तर उघड्या चेहऱ्याला उणे १८ असल्यासारखं वाटतं. उतारावर वारा मुळीच नसला तरी ताशी २० चा वारा तुम्ही स्वतःच तयार करता. ओले कपडे, थांबलेलं अंग आणि त्यावर तो उतार.

आमच्याकडेही हेच चालायचं, मग एकदा एक प्रसंग घडला. आमच्यातली सगळ्यात बडबडी मैत्रीण उतारापूर्वी गप्प झाली. आम्हाला वाटलं, दमली. मी म्हटलं, "जॅकेट घाल." ती म्हणाली, "मी ठीक आहे." जॅकेट पिशवीतून काढलं, अंगावर चढवलं, आणि जॅकेटच्या चेनच्या दोन टोकांकडे पाहत उभी राहिली. डावं टोक उजव्या खाचेत घालायचं, एवढंच. ती ते टोक खाचेशी नेई, ते निसटे, ती परत नेई. तीन वेळा, चार वेळा. तोंडाने "मी ठीक आहे, मी ठीक आहे" चालूच होतं, आणि "ठीक" मधला ठ बोबडा झाला होता. मी तिची चेन लावली तेव्हा तिची बोटं माझ्या हाताला लाकडासारखी लागली.

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, पण जंगलात कोणी आत तापमापक घालून बघत नाही. बघायचं ते हे: बोलणं अडखळतं का, बोटं साध्या कामाला नकार देतात का, पाय अडखळतात का, माणूस विनाकारण चिडतो किंवा गप्प होतो का. आणि "मी ठीक आहे" हे लक्षणच धरा. ज्याला थंडी बाधते त्याचा निवाडा पहिला बिघडतो, त्यामुळे त्याला विचारून काही उपयोग नसतो.

आम्ही तिला आडोशाला नेलं, ओला बनियन काढून कोरडा घातला, कानटोपीवर कानटोपी चढवली, गरम गोड पेय घोटघोट पाजलं, आणि पुढचा सगळा उतार सायकली हातात धरून चालत उतरलो. चालल्याने अंगात ऊब तयार होते, उतारावर सायकलवर बसून नुसती जाते. अर्ध्या वाटेत तिने मला शिव्या घातल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. एक इशारा मात्र ठळक लिहून ठेवा: कुडकुडणं चालू आहे तोवर शरीर लढतंय. अंग गार असतानाच ते थांबलं तर माणूस बरा झालेला नाही, हरतोय. तेव्हा चालवायचं नाही, आडवं करायचं, जमिनीपासून आणि वाऱ्यापासून झाकायचं आणि बचाव पथकाला बोलवायचं.

त्यानंतर आम्ही गटाची रीत बदलली. पुढचे माथ्यावर थांबत नाहीत. ते परत खाली वळतात, शेवटच्याला भेटतात आणि त्याच्यासोबत वर येतात. त्यांना जादा व्यायाम, त्याला सोबत. थांबायचं झालं तर माथा ओलांडून झाडीत, आणि चार मिनिटांपेक्षा जास्त नाही. थांबल्याबरोबर, थंडी वाजायच्या आत, वरचं जॅकेट अंगात. निघताना ते काढायचं आणि पहिली दहा मिनिटं थोडं गारठतच जायचं. घरातून निघतानाच ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त झाला आहे. आणि परत फिरायचं कधी, हे गटातला सगळ्यात हळू नव्हे, सगळ्यात गार माणूस ठरवतो. त्यावर चर्चा नाही, मतदान नाही.

प्र. हात ठीक राहतात, पण पायांची बोटं तासाभरात जातात. तीन मोजे घालून पाहिले, आणखी वाईट झालं.
– बधिर बोटांची

उ. तीन मोज्यांनीच तर घात केला. बूट तोच, पाय जाड, म्हणजे रक्त अडलं आणि ऊब धरून ठेवणारी हवा पिळून निघाली. एक जाड लोकरी मोजा आणि बोटं आत मोकळी हलतील असा एक-दोन नंबर मोठा बूट घ्या. सुती मोजा अजिबात नको, तो घाम पिऊन बसतो. तुम्ही पेडलला अडकणारे क्लिपचे बूट वापरत असाल तर तळव्याखालचा लोखंडी तुकडा थंडी थेट आत आणतो. हिवाळ्यापुरती सपाट पेडलं लावा. त्याने पाय पटकन काढताही येतो, आणि वरचं पहिलं पत्र तुम्ही वाचलं असेलच. बोटं गेली असं वाटलं की पुढचा चढ चालत चढा. पावलं वाकली की रक्त खाली येतं.

एकमेकांच्या नाकाकडे आणि गालांकडे बघत जा, आपल्याला आपलं दिसत नाही. मेणासारखा पांढरा डाग दिसला की तो हिमदंशाचा पहिला निरोप. उघडा तळहात त्यावर धरून ठेवा. हिमाने चोळणं हा जुना आणि घातक सल्ला आहे. शेकोटीजवळही नको, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. खोल हिमदंश असेल तर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवतात, पण ते घरी किंवा दवाखान्यात, पुन्हा गोठण्याची शक्यता संपल्यावरच. वितळून परत गोठलेली बोटं जास्त जातात.

प्र. काल उणे १८ मध्ये अचानक पेडल दोन्हीकडे फुकट फिरू लागलं. चेन जागेवर, गिअर जागेवर, सायकल हलेना. चार किलोमीटर ढकलत आणली. घरात आणल्यावर आपोआप ठीक झाली. भुताटकी?
– ढकलणारा

उ. मागच्या हबातले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, कुत्रे झोपले होते. हबात जे छोटे दाते स्प्रिंगने उठून चाकाला पकडतात त्यांना आम्ही दुरुस्ती करणारे कुत्रे म्हणतो. आतलं ग्रीस थंडीने डांबरासारखं घट्ट झालं किंवा आत गेलेलं पाणी गोठलं की ते खाली चिकटतात, मग पेडल नुसतं गरगरतं. घरात ग्रीस सैल झालं, कुत्रे उठले, भूत पळालं. हब उघडून जुनं ग्रीस पुसा आणि थंडीसाठीचं पातळ वंगण अगदी बोटाच्या टोकाएवढं लावा. सायकल गरम पाण्याने धुऊन लगेच बाहेर काढू नका, कारण केबलच्या नळ्यांतही हेच होतं.

वाटेत असं झालं तर हबाला काहीतरी गरम द्रव लागतो. थर्मास रिकामा असलेल्या एका मित्राने काय केलं ते मी छापू शकत नाही, पण सायकल चालली. त्यानंतर वर्षभर ती सायकल कोणी मागायला आलं नाही.

प्र. दिवा आणि फोन अर्ध्या वाटेत मान टाकतात, पाण्याची नळी गोठते. काय करायचं?
– अंधारात तहानलेला

उ. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. दिव्याची जादा बॅटरी तिथेच. लिथियम बॅटरी थंडीत कमी वीज देते, ऊब मिळाली की बरीचशी परत येते. गोठलेली बॅटरी घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्याने ती आतून कायमची बिघडते. नळीच्या बाबतीत, प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून पाणी पिशवीत परत ढकला. किंवा नळी सोडून बाटली घ्या आणि उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणजे बुचापाशी पाणीच राहतं.

प्र. आमच्या नेहमीच्या वाटेला एका गोठलेल्या तळ्यामुळे मोठा वळसा पडतो. वर हिम आहे, त्यावरून कोल्ह्याची पावलं गेलेली दिसतात. खिळ्यांच्या टायरने सरळ ओलांडावं का?
– जवळच्या वाटेचा

उ. कोल्हा पाच-सात किलोचा असतो. तुम्ही आणि सायकल मिळून किती?

मोजल्याशिवाय नाही. चालणाऱ्या माणसासाठी निदान १० सेंटीमीटर जाडीचा स्वच्छ, घट्ट, पारदर्शक बर्फ लागतो असं धरतात. पांढरट, दुधी बर्फाची ताकद त्याच्या निम्मीच मोजायची. आणि जाडी सगळीकडे एकसारखी नसते. ओढा जिथे आत येतो, जिथून बाहेर पडतो, बोरूंच्या बेटाजवळ, खडकांभोवती बर्फ पातळ राहतो. वर हिमाची चादर असेल तर आणखी वाईट, कारण ती बर्फाला थंडीपासून वाचवते, म्हणजे जाड होऊ देत नाही, आणि भेगा झाकते.

आत पडल्यावर काय होतं, यावर मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी स्वतः गार पाण्यात उतरून काम केलं आहे. त्यांचा एक-दहा-एक हा हिशेब तोंडपाठ करा. पहिलं एक मिनिट धाप आवरण्याचं, त्यात बाहेर निघायची धडपड करू नका, फक्त डोकं वर ठेवा. मग दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात आलात त्याच दिशेला बर्फाच्या कडेवर पोटावर आडवं होत, पाय झाडत बाहेर या आणि उभं न राहता लोळत दूर जा. त्यानंतर शुद्ध जायला साधारण तासभर लागतो, म्हणून घाबरू नका. ज्यांना तळ्यावर जायचंच असतं ते गळ्यात बर्फात रुतवायचे दोन टोचे अडकवतात आणि एकमेकांत बरंच अंतर ठेवतात. मी? मी वळसा घेते. २२ वर्षांत त्या वळशावर माझे फार तर दोन दिवस गेले असतील.

प्र. फॅट बाइक (जाड टायरची सायकल) घेतल्याशिवाय हिवाळी सायकलिंगला मजा नाही असं मित्र म्हणतात. खरंच का?
– अजून पातळ टायरवाली

उ. ताजं किंवा हलकंसं दाबलेलं हिम असेल तर मित्र बरोबर आहेत. घट्ट बर्फ असेल तर तुमच्या सायकलला खिळ्यांचे टायर पुरतात.

ही जाड चाकं उगाच फॅशन म्हणून आली नाहीत. १९८७ मध्ये अलास्कात कुत्र्यांच्या गाड्यांच्या इडिटारोड वाटेवर इडिटाबाइक ही शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा साध्या माउंटन बाइक हिमात रुतायच्या आणि माणसं सायकली ढकलत चालायची. मग तिथल्या उद्योगी लोकांनी दोन-दोन रिम शेजारी जोडून रुंद रिम बनवल्या. २००५ मध्ये सर्ली कंपनीची पग्सली आली, ३.७ इंची टायरची, आणि अशा सायकलींचा प्रसार होऊ लागला. आता चार-पाच इंची टायर सर्रास दिसतात, त्यांत मऊ हिमावर पाच-सहा पीएसआय इतकीच हवा ठेवतात. त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज घ्या, नेहमीच्या पंपाचा काटा तिथे नुसता अंदाज सांगतो.

जाड टायर असला तरी वाट नासवायचा परवाना मिळत नाही. मागे वळून बघा. तुमच्या चाकाने इंचभराहून खोल चर पाडला असेल तर वाट अजून मऊ आहे, परत फिरा. तो चर रात्री गोठेल आणि पुढचे आठ दिवस इतरांना पाडेल. स्कीवाल्यांनी आखलेल्या दोन समांतर खोबणींवर चाक घालू नका. त्यांची बोलणी मी एकदा खाल्ली आहेत आणि ते बरोबर होते.

प्र. चढावर चष्म्यावर वाफ धरते आणि मग ती गोठते. मला काहीच दिसत नाही. बोटाने पुसलं तर ओरखडे.
– धुक्यातला

उ. नाकावरची पट्टी खाली घ्या, तुमचा श्वास तिच्यातून वर जाऊन भिंगावर बसतोय. चालू सायकलवर वाफ कमी धरते, थांबलात की लगेच धरते, म्हणून थांबताना चष्मा काढून हातात धरा. कपाळावर चढवू नका, तिथून घामाची वाफ मिळते. आणि गोठलेली भिंगं पुसायची नसतात. जॅकेटच्या आत, पोटाशी धरून शंभर आकडे मोजा. बर्फ सुटतो. मी मोजते तेव्हा आमच्यातला एकजण मुद्दाम मध्येच भलतेच आकडे बोलतो, त्यामुळे माझं शंभर कधी वेळेवर होत नाही.